सरक! : आठ शब्दांत हसवणारं चित्रपुस्तक कसं करायचं

नुकतंच वाचायला लागलेलं पोर पुस्तक घेऊन बसलं की काय होतं ते नीट बघा. "ब... द... क..." असं एकेक अक्षर ओढत ते शेवटी "बदक!" म्हणतं, वर बघतं, आपण म्हणतो "शाब्बास", संपला विषय. एवढा घाम गाळून त्याला मिळालं काय, तर बदक. जे चित्रात आधीपासूनच दिसत होतं! मग दुसऱ्या दिवशी ते पुस्तक बघून पळून जातं आणि आपण म्हणतो याला वाचनाची आवडच नाही.

म्हणून विनोद. धडपडत का होईना, वाचल्यावर लगेच काहीतरी भन्नाट हाती लागलं पाहिजे. आणि यातली एकच गोष्ट मी भिंतीवर चिकटवून ठेवलीये: ज्या शब्दावर हसू फुटणार आहे तो शब्द पोराला स्वतःला वाचता आला पाहिजे. मोठ्यांनी वाचून दाखवल्यावर हसू येणारी पुस्तकं ढीगभर आहेत, चांगली पण आहेत, पण ती ऐकायची पुस्तकं झाली, आपण करणार आहोत ते वाचायचं पुस्तक. गॉफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं गणित मांडलं होतं, अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. गुणाकार आहे, बेरीज नाही हे महत्त्वाचं, कारण एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. तुमचा विनोद कितीही भारी असू दे, तो "किंकर्तव्यमूढ"वर टेकलेला असेल तर त्या पोरासाठी शून्य.

खाली सगळ्या पायऱ्या एकाच पुस्तकावर करून दाखवतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. पुस्तकाचं नाव "सरक!". पानं सोळा, वेगळे शब्द आठ.

पायरी १: अक्षरांचं बजेट ठरवा

गोष्ट सुचायच्या आधी हे करायचं. सगळे उलटं करतात, मीपण केलं, आणि मग छान सुचलेल्या गोष्टीतले शब्द सोपे करत बसतो आणि गोष्टीचा जीव जातो.

मराठीत साधारण क्रम असा असतो: आधी बिनकाना-मात्रेचे शब्द (घर, नळ, बदक, गवत), मग काना, मग वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. शाळेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, तुमच्यासमोरचं पोर कुठवर आलंय ते त्याच्या वहीत बघा. आणि मग कागदावर लिहून टाका की या पुस्तकात एवढंच वापरणार. बाहेर जायचं नाही म्हणजे नाही.

आता इथे एक गंमत आहे जी करायला बसल्याशिवाय कळत नाही. बिनकाना-मात्रेच्या मराठीत तुम्हाला "आहे" मिळत नाही, "होता" मिळत नाही, "आणि" मिळत नाही. "म्हणाला" तर विसराच, त्यात म्ह हे जोडाक्षर बसलंय! म्हणजे कोण काय म्हणालं हे सांगायची सोयच नाही. मग उरतं काय? हुकूम! उठ, बस, पळ, चल, धर, सोड नाही पण पकड आहे, बघ, चढ, उतर, सरक. ही सगळी आज्ञार्थी क्रियापदं बिनमात्रेची आहेत आणि लहान पोरांचं अर्धं आयुष्य असले हुकूम ऐकण्यात जातं, त्यामुळे पुस्तकात कुणीतरी मगरीला हुकूम सोडतंय हे बघूनच त्यांना गुदगुल्या होतात.

शिवाय दोन शब्द फुकटात मिळतात, "मग" आणि "पण". यातला "पण" सोन्याचा. उजव्या पानाच्या तळाशी नुसता "पण..." टाका आणि बघा पोर पान कसं उलटतं ते.

पुढच्या पुस्तकात काना आला की भूतकाळ उघडतो: पडला, बसला, पळाला, हसला. पण फक्त पुल्लिंगी! "बसली"ला वेलांटी लागते आणि "बसलं"ला अनुस्वार. म्हणजे कान्याच्या पुस्तकात पात्रं मामा, काका, ससा, वाघ अशीच घ्यावी लागतात, आणि गोड माकड घेतलंत की अडकलात, कारण "माकड पडला" असं मराठीत कुणी म्हणत नाही. मी एक अख्खं पुस्तक माकडावर रचलं होतं आणि शेवटच्या पानावर ते पडायचं होतं. पडलंच नाही बिचारं. दोन दिवस गेले.

र्‍हस्व वेलांटीबद्दल एक सूचना, ती अक्षराच्या आधी काढली जाते पण उच्चार नंतर होतो, त्यामुळे डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणारं पोर तिथे हमखास गडबडतं. विनोदाचा मुख्य शब्द र्‍हस्व वेलांटीवर ठेवू नका, निदान सुरुवातीला तरी.

आणि सारखी दिसणारी अक्षरं: घ-ध, भ-म, ब-व, प-ष. जोडीतलं एकच घ्या. "सरक!"मध्ये म आहे तर भ नाही, ब आहे तर व नाही.

बजेट लहान आहे म्हणून रडू नका. डॉ. स्यूस या अमेरिकन बाललेखकाचं १९६० सालचं एक जगप्रसिद्ध पुस्तक प्रकाशकाशी लागलेल्या पैजेतून फक्त ५० वेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे. तंगीत डोकं जास्त चालतं बहुतेक.

पायरी २: विनोद शोधा, पण पाच-सहा वर्षांच्या डोक्याने

मोठ्यांचा विनोद शब्दांच्या मागे लपलेला असतो. टोमणा, उपरोध, द्व्यर्थ. हे या वयात चालत नाही, टोमणा तर पोरं चक्क खरा मानतात. त्यांना काय चालतं, तर:

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होणं आणि मग एकदम मोडणं. तीनदा सेम, चौथ्यांदा वेगळं. दोनदा कमी पडतं, सहादा कंटाळा येतो.

पात्राला जे कळत नाहीये ते वाचणाऱ्याला आधीच दिसणं. बदक ओंडक्यावर बसलंय आणि ओंडक्याला दात आहेत! शब्दात दातांचा उल्लेखच नाही. पोर पुस्तकावर ओरडायला लागतं. याच्याइतकं खात्रीचं काही नाही.

चुकीच्या जागी चुकीची वस्तू, डोक्यावर बूट, टबात मगर. आणि आवाज! मराठीला याचं वरदानच आहे, खडखड, धडधड, सरसर, टपटप, गडगड, कडकड, हे सगळे बिनमात्रेचे. आवाजाचे शब्द वाचताना पोर सहसा अडखळत नाही कारण अर्धा वाचला की उरलेला आपोआप येतो.

मोठ्या, शहाण्या, रुबाबदार माणसाची फजिती. लहानाची नाही, मोठ्याची. जाड, काळा, तोतरा, चष्मेवाला यांच्यावर हसवणारी पुस्तकं करू नका, वर्गात तसं एक पोर असतंच आणि ते पुस्तक त्याच्या अंगावर सोडलं जातं. पादण्याचा विनोद करू का असं मला नेहमी विचारतात. करा की, शंभर टक्के चालतो, फक्त पुस्तकात एकदाच.

आता "सरक!"ची कल्पना. बागेतला एक बाक. एक बदक बसतं. मग एकेक जण येतो आणि आधीच्याला म्हणतो सरक. बास. "बाक" हा शब्द लिहायचाच नाही कारण त्यात काना आहे, तो चित्रात आहे ना, पुरे. प्राणी कोण घ्यायचे हे बजेटनेच ठरवलं: बदक, हरण, तरस, मगर आणि शेवटी अजगर. बिनमात्रेचा अजगर सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचलो होतो, कारण बाकावर लांबलचक अजगर बसणार कसा हा प्रश्नच मुळात गमतीचा आहे.

पायरी ३: कागद दुमडून डमी करा

कॉम्प्युटर उघडू नका अजून. ए-फोरचे चार कागद घ्या, एकात एक घालून मधोमध दुमडा, झाली सोळा पानं. मधून शिवलेल्या किंवा पिन मारलेल्या पुस्तकाची पानं नेहमी चारच्या पटीत येतात (एक कागद दुमडला की चार पानं, साधं आहे), म्हणून ८, १२, १६, २४ असेच आकडे असतात, आणि दुकानात दिसणारी बरीचशी चित्रपुस्तकं ३२ पानी असतात ती पण याच हिशोबाने. पहिल्यांदा करणाऱ्याने सोळाच्या वर जाऊ नये असं माझं मत.

डमीत काड्यांची माणसं काढा, बदक म्हणजे एक गोळा आणि चोच, चालेल. इथे फक्त कुठल्या पानावर काय येतं हे बघायचंय. माझ्या पहिल्या डमीत शेवटचा पंच सोळाव्या पानावर होता. मस्त वाटलं. मग ते शेजारच्या पोराच्या हातात दिलं, त्याने आधी पुस्तक उलटं करून मागची बाजू बघितली, आणि तिथेच गोष्ट संपली. सोळावं पान म्हणजे मागचं कव्हर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

सुधारून झालेली मांडणी ही:

पान १: कव्हर. सरक!
पान २-३: रिकामा लांब बाक, टोकाला बदक. "बदक, बस."
पान ४-५: हरण उभं. "बदक, सरक."
पान ६-७: तरस येतो. "हरण, सरक."
पान ८: मगर. "तरस, सरक."
पान ९: उजव्या कडेतून फक्त एक शेपटीचं टोक आत आलंय. "मगर, सरक."
पान १०-११: अजगर सगळ्यांना वेढून बसलाय, बदक एका पायावर लटकतंय. "कड... कड... कड..."
पान १२-१३: बाक मोडला. शब्द नाही.
पान १४-१५: बाक नाही म्हणून सगळे ओळीने अजगरावरच बसलेत. बदक म्हणतंय, "अजगर, सरक."
पान १६: मागचं कव्हर, मोठ्यांसाठी अक्षरांची यादी.

दुसऱ्या पानावरचं "बदक, बस" कोण म्हणतंय असं आजवर एकाही पोराने विचारलेलं नाही. मोठ्यांनी सगळ्यांनी विचारलं.

या मांडणीत दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्यात. पान उलटणं हाच तुमचा ढोल आहे, त्यामुळे प्रश्न उजव्या पानावर (विषम आकडा) आणि उत्तर उलटल्यावर डाव्या पानावर. नवव्या पानावर शेपटी, दहाव्यावर अख्खा धिंगाणा. दोन्ही समोरासमोरच्या पानांवर आले असते तर नजर आधीच तिकडे गेली असती. दुसरं म्हणजे वेग, सुरुवातीला एका प्राण्याला दोन पानं आणि आठ-नऊवर एकेकच, म्हणजे आता गर्दी वाढतीये हे पानांनाच कळतंय.

तिसरी गोष्ट मला स्वतःलाही नंतर लक्षात आली. बदक सोडलं तर प्रत्येक प्राणी आधी चित्रात येतो आणि त्याचं नाव पुढच्या वेळी, दुसरं कुणी त्याला हुकूम सोडतं तेव्हा येतं. हरण पान ४ वर दिसतं, "हरण" हा शब्द ६ वर. म्हणजे शब्द वाचायची वेळ येते तोवर पोराने मनात ते नाव घेऊन झालेलं असतं. आणि अजगराचं नाव तर शेवटच्या ओळीपर्यंत येतच नाही! पोरं नवव्या पानापासून "साप! अजगर!" करून ओरडत असतात आणि पुस्तक मख्ख. शेवटी तो शब्द छापलेला दिसतो तेव्हा चार अक्षरी असूनही झटक्यात वाचतात. सगळ्यात लांब शब्द सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सोपा, हे जमवता आलं तर जमवाच.

पायरी ४: शब्द खोडा

लिहिलेलं प्रत्येक वाक्य चित्रासमोर धरा आणि विचारा, हे चित्रात दिसतंय का? दिसत असेल तर खोडा. "बाक मोडला" असं लिहायचा मोह मला बाराव्या पानावर खूप झाला होता (बजेटबाहेर होतं म्हणून वाचलो). तिथे शब्द नाही म्हणून पोर स्वतःच ओरडतं, "धाडकन!" त्याचा आवाज तुमच्या छापील शब्दापेक्षा कधीही मोठा.

उरलेल्या ओळी मोठ्याने वाचा. दोन अक्षरी, तीन अक्षरी शब्दांचा ठेका जिभेवर बसतोय का? "हरण, सरक" मध्ये र मध्यभागी दोनदा येतो आणि म्हणून ते म्हणायला छान वाटतं, "बदक, हल" तेवढं वाटत नाही. कारण विचारू नका, म्हणून बघा.

एकूण शब्द मोजा. माझे कव्हर सोडून पंधरा झाले, वेगळे आठ, अक्षरं तेरा. हा हिशोब मागच्या कव्हरवर छापा, शिकवणाऱ्याला लगेच कळतं की पुस्तक कधी द्यायचं.

पायरी ५: चित्रं

चित्रकला येत नाही म्हणून थांबू नका. विनोदी चित्राला सफाई लागत नाही, सातत्य लागतं. प्रत्येक पात्राच्या दोन खुणा ठरवा आणि त्या सोडू नका, माझ्या बदकाची चोच वाकडी आणि डोक्यावर तीन केस. पान कुठलंही असो, तीन म्हणजे तीन. एका पानावर चार झाले तर पोर पकडतं, अगदी पोलिसासारखं पकडतं.

बाक सगळ्या पानांवर एकाच जागी, एकाच कोनातून काढा. मागचं झाडही तिथेच. काहीही हललं नाही की जे हललंय तेवढंच दिसतं, आणि इथे तर हलणं हाच विनोद आहे. नवशिके काय करतात, प्रत्येक पानावर नवा अँगल, वरून, खालून, सिनेमासारखं, मग बदक किती सरकलं हे कुणालाच कळत नाही.

हावभाव सगळे डोळ्यांत आणि भुवयांत. एक काम करा, बदकाचं तेच चित्र पाचदा काढा आणि फक्त बुबुळं हलवा: समोर, उजवीकडे, खाली, एकदम वर, आणि मिटलेले डोळे. बघा पाच वेगळी बदकं झाली. चौथ्या पानावर माझं बदक हरणाकडे बघतं, सहाव्यावर जमिनीकडे आणि आठव्यावर थेट वाचणाऱ्याकडे. काही न बोलता. ते आठव्या पानावरचं बघणं मी अकरा वेळा काढलं, कारण बुबुळ जरासं खाली गेलं की बदक दुःखी दिसायचं आणि मग हसू गेलंच.

आणि एक चोरटी गोष्ट ठेवा. माझ्या पुस्तकात बाकाखालून एक गोगलगाय निघते, दुसऱ्या पानावर डाव्या कोपऱ्यात असते आणि पंधराव्यावर उजव्या कडेला पोचते. कुठेही उल्लेख नाही. तिसऱ्यांदा वाचताना ती सापडते आणि मग पुस्तक पुन्हा पहिल्यापासून.

हाताने काढलेलं असेल तर ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. डिजिटल करणार असाल तर समोरासमोरची दोन पानं मिळून ए-फोर आडवा, म्हणजे ३५०८ बाय २४८० पिक्सेल. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे. चेहरे आणि डोळे मधल्या घडीवर येऊ देऊ नका, मगरीचा एक डोळा घडीत गेला की ती मगर राहत नाही. नेटवरची तयार कार्टून पात्रं उचलू नका, ती कुणाच्या तरी मालकीची असतात. एआयने चित्रं करून बघितली मी, एकेक पान सुंदर येतं, पण केस कधी तीन, कधी पाच, बाक दर पानावर नवा, आणि आपल्याला तर नेमकं तेच नकोय.

पायरी ६: अक्षरं लावणं

युनिकोडमध्येच (मोबाइलवर मराठी लिहितो तेच) टाईप करा, जुन्या फॉन्टात केलंत तर दुसऱ्या मशीनवर त्याचा चिवडा होतो. साधा, सरळ, जाड-बारीक नखरे नसलेला फॉन्ट घ्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता चालेल. विनोदी पुस्तक म्हणून नाचरा, वाकडा फॉन्ट घ्यायचा मोह होतो, तो आवरा, ज्याला अजून सरळ ध ओळखायची मारामार आहे त्याच्यासमोर वाकडा ध ठेवणं म्हणजे छळ आहे. नाचायचं ते चित्रं नाचतील.

सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी सेट करून बघा, काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात ते मग मराठी वळणाचे होतात. पोर शाळेत जो ल गिरवतं तोच पुस्तकात दिसायला हवा.

साईज २८ पॉइंटच्या खाली नको. दोन शब्दांमधली जागा नेहमीपेक्षा जास्त ठेवा, कारण शिरोरेषेमुळे शब्दच्या शब्द एक डबा दिसतो, आणि हे डबे चिकटले की सुरुवात कुठे ते कळत नाही. मजकूर दर पानावर त्याच जागी, पांढऱ्या पट्ट्यावर. चित्रावर अक्षरं छापू नका. बास, यात जास्त डोकं घालायची गरज नाही.

पायरी ७: पोरांसमोर ठेवा आणि तोंड बंद

ही पायरी लोक गाळतात आणि मग विचारतात पुस्तक का चाललं नाही. तीन-चार पोरं पुरे, एका वेळी एक. पुस्तक हातात द्या आणि गप्प बसा. खरंच गप्प. तो अडला तरी दहापर्यंत आकडे मोजा मनात. हातात कागद: कुठे अडला, कुठे हसला, कुठे मागचं पान परत उघडलं. शेवटी "आवडलं का?" विचारू नका, हो म्हणतात सगळे, मोठ्यांना काय हवंय ते त्यांना बरोबर कळतं. "परत वाचायचंय का" असंही विचारू नका. पुस्तक तिथेच ठेवा, दुसरं काहीतरी करायला लागा, आणि ते स्वतःहून उचलतात का ते बघा.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आठव्या पानावर "तरस, सरक" होतं आणि पहिल्या पोराने खणखणीत वाचलं, "कुत्रा, सरक." दुसऱ्यानेही कुत्रा. तिसरी म्हणाली "लांडगा". माझं तरस चांगलं पट्टेबिट्टे काढलेलं होतं हो! पण त्यांनी अक्षरांकडे बघितलंच नव्हतं, चित्र बघून ठोकून दिलं. आणि चूक त्यांची नव्हती, तरस माहीत नसेल तर चित्राचाच आधार घेणार ना.

मग तरसाला काढला आणि त्याच्या जागी एक साधा मुलगा बसवला, नाव अमर. आता चित्रात मुलगा दिसतो पण त्याचं नाव चित्रावरून ओळखता येत नाही, म्हणजे अ-म-र वाचल्याशिवाय सुटका नाही. आणि वर प्राण्यांच्या रांगेत एक माणसाचं पोर निवांत बसलंय आणि मगर त्याला सरक म्हणतीये हे तर तरसापेक्षा कितीतरी जास्त हसवणारं निघालं. त या अक्षराची बचतसुद्धा झाली, तेराची बारा झाली. हा बदल मला टेबलावर बसून दहा वर्षांत सुचला नसता.

चुकीच्या जागी हसले तर तेही लिहून ठेवा. दहाव्या पानावर सगळे अजगराला हसतील असं मला वाटलं होतं, ते हसले लटकणाऱ्या बदकाच्या पायाला. मग पाय मोठा केला.

पायरी ८: छापा नाहीतर वाटा

घरी छापायचं असेल तर पीडीएफ उघडून प्रिंटमध्ये बुकलेट हा पर्याय निवडा, पानांची जुळणी तोच करतो. हाताने करायची वेळ आली तर एक युक्ती, कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ (१६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३, असं करत शेवटी ८ आणि ९). मधल्या घडीवर दोन पिना मारा, टोकं बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका, बोटं कापतात. प्रेसला देणार असाल तर चित्रं कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर जास्त काढून द्या, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते.

नेटवर वाटायचं असेल तर प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून चालू आहे, तिथे गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली असतात, म्हणजे लोक तुमचं नाव देऊन तुमचं पुस्तक वापरू शकतात, भाषांतर करू शकतात. त्यांच्या चार लेव्हल आहेत आणि पहिलीत २५० शब्दांच्या आतली पुस्तकं येतात, आपलं पंधराचं आहे, काळजी नको. एसआयएल या संस्थेचं ब्लूम नावाचं फुकट सॉफ्टवेअर पण बघा, त्यात शिकवून झालेली अक्षरं क्रमाने भरून ठेवली की बजेटबाहेरचा शब्द ते दाखवून देतं. मला हे माकडाच्या वेळी माहीत असायला हवं होतं.

घरी दोन्ही बाजूंनी छापताना "शॉर्ट एजवर फ्लिप" (म्हणजे आखूड कडेवर उलटणं) निवडा. मी लाँग एज निवडलं होतं, त्यामुळे पहिल्या प्रतीत निम्मी पानं उलटी आली, बाक वर आणि प्राणी खाली डोकं करून. टाकून देणार होतो. पण ती प्रत एका सहा वर्षांच्या परीक्षकाच्या हाती लागली, तिने पुस्तक गोल गोल फिरवत ते पूर्ण वाचलं, उलट्या अजगरापाशी पोट धरून हसली, आणि नंतर दिलेली नीट छापलेली प्रत बघून म्हणाली, "यात काय मजा नाही, ते फिरवायचं वालं द्या."